दहा शाळांसाठी एक समुपदेशक

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या घराघरांत घाई सुरू होते. राज्य मंडळाची ही परीक्षा दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुलं देतात आणि निकालानंतरच्या काही आठवड्यांत त्यांतल्या बहुतेकांची पुढची दिशा ठरून जाते. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे असतात. २०२५-२६ पासून ही केंद्रीय प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे आता खेड्यातल्या मुलालाही तो अर्ज चुकत नाही. त्याच सुमारास पदविकेचे आणि आयटीआयचे अर्जही सुरू असतात. सल्ला देणारे ढिगाने असतात. मामा असतो, शेजारचा इंजिनिअर असतो, क्लासच्या जाहिराती असतात, आणि ‘सायन्स घेऊन ठेव, सगळे दरवाजे उघडे राहतात’ हे ठरलेलं वाक्य असतं. नसतो तो एकच माणूस. या मुलाला तीन-चार वर्षं जवळून पाहिलेला, अभ्यासक्रमांची आजची माहिती असलेला आणि कुठल्याही कॉलेजच्या जागा भरण्याची गरज नसलेला.

हा माणूस म्हणजे शालेय समुपदेशक. आपल्याकडे समुपदेशक म्हटलं की परीक्षेची भीती, वर्गातली दादागिरी, मोबाइलचा नाद असे प्रश्न समोर येतात. ते काम मोलाचं आहेच. पण या पेशाची सुरुवात झाली ती ‘मी पुढे काय करू?’ या प्रश्नातून. त्या प्रश्नाबाबत जगात आणि महाराष्ट्रात गेल्या शंभरेक वर्षांत काय काय झालं ते पाहिलं, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपण चाचण्या घेतल्या, पोर्टल काढलं, मेळावे भरवले. माणूस नेमायचं मात्र राहून गेलं.

सुरुवात कुठून झाली

१९०८ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्यूरो’ सुरू केला. शिक्षण अर्धवट सुटलेल्या आणि कामाच्या शोधात शहरात आलेल्या तरुणांना दिशा द्यावी, हा हेतू. पार्सन्स त्याच वर्षी वारले. १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात, त्यांचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक निघालं. त्यातली मांडणी सोपी होती. आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामाच्या जगाची माहिती घ्या आणि शेवटी या दोन्हींचा मेळ डोकं शांत ठेवून घाला. पुढे जॉन हॉलंड यांनी आवडींचे सहा प्रकार पाडले. डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायाची निवड आयुष्यभर चालणारी आहे, ती एका दिवशी उरकत नाही, हे दाखवून दिलं. तरी पार्सन्स यांचा तीन पायांचा सांगाडा आजही मोडलेला नाही.

भारतात या कामाला सुरुवातीपासून मुंबईची साथ मिळाली. पारशी पंचायतीने १९४७ साली व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं आणि १९५० साली मुंबई सरकारने स्वतःची यंत्रणा उभारली. तीच पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था म्हणून ओळखली गेली. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शाळांत वेगवेगळे अभ्यासक्रम आणण्याची शिफारस केली. वाटा वाढल्या की वाट दाखवणाराही हवा, म्हणून त्या आयोगाने मार्गदर्शन अधिकारी आणि शाळेतला ‘करिअर मास्टर’ यांचाही आग्रह धरला. करिअर मास्टर म्हणजे थोडं प्रशिक्षण घेऊन, आपले तास सांभाळून मुलांना व्यवसायांची माहिती देणारा शिक्षक.

खरा मोठा विचार केला तो कोठारी आयोगाने. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठापासून पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेपर्यंत त्यांच्या कामाच्या खुणा महाराष्ट्रभर आहेत. मार्गदर्शन हा शिक्षणाचाच भाग मानावा, ते प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून सुरू व्हावं, असं आयोगाने सांगितलं. देशाकडे पैसा आणि माणसं किती आहेत याचंही भान त्याला होतं. म्हणून किमान सोय म्हणून त्याने सुचवलं की दहा माध्यमिक शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा. या शिफारशीला आता साठ वर्षं होत आली.

सरकारबाहेर महाराष्ट्रात बरंच काम झालं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम मराठीत रुजवलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘वेध’ परिषदा भरवल्या. डॉ. श्रीराम गीत, विवेक वेलणकर यांच्यासारख्या मार्गदर्शकांनी व्याख्यानांतून आणि लेखनातून दोन पिढ्यांच्या पालकांशी संवाद ठेवला. पण व्याख्यान संपल्यावर आपापल्या शाळेत परतलेल्या मुलाने पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा, ही अडचण तशीच राहिली.

काम नेमकं काय

समुपदेशकाचं काम तीन भागांत पडतं. पहिला भाग म्हणजे मुलाला ओळखणं. त्यात चाचणी असते, पण चाचणीच्या पलीकडेही बरंच असतं. मूल कोणत्या विषयाची वही नेटकी ठेवतं, स्नेहसंमेलनात पडद्यामागे काय करतं, घरी दुकान सांभाळतं की गुरं, सुट्टीत कुठल्या कामात रमतं, हे सगळं त्यात येतं. एका दुपारच्या चाचणीतून जे उमगत नाही ते तीन वर्षांच्या नोंदींतून उमगतं.

दुसरा भाग माहितीचा. दहावीच्या वळणावर कोणता रस्ता पुढे बंद होतो आणि कोणता खुला राहतो, हे आधी कळलं तर निम्मे घोळ टळतात. अकरावीला गणित सोडलं की अभियांत्रिकीची वाट जवळजवळ बंद होते. कृषी पदवीला मात्र राज्याच्या सीईटीचे भौतिक-रसायन-गणित आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र हे दोन्ही गट चालतात. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कुठल्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केली तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि आयटीआय पूर्ण केलेल्यांसाठीही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा मार्ग आहे. म्हणजे ‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ ही समजूत खरी नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी आहे आणि आता नाशिकला मुलींसाठीही आहे. तिथली निवड दहावीत असतानाच होते. अकरावीत गेल्यावर हे कळून काय उपयोग?

तिसरा भाग कागदपत्रांचा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो फारसा सापडत नाही, पण महाराष्ट्रात सर्वांत जास्त मुलांचं नुकसान इथेच होतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायला आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत शोध घ्यावा लागतो आणि पुष्कळदा महिनेच्या महिने जातात. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास यांच्या मुदती वेगवेगळ्या. बारावीनंतर प्रवेशफेरी सुरू झाल्यावर तहसील कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पालकांना ही यादी दोन वर्षं आधी कुणीतरी द्यायला हवी होती.

शिष्यवृत्त्यांचंही तेच. आठवीत होणारी एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शंभर टक्के शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. वसतिगृहाचा खर्च झेपत नसेल तर पंजाबराव देशमुख निर्वाहभत्ता आहे, स्वाधार योजना आहे. ‘आमची ऐपत नाही’ असं म्हणून जी मुलगी कला शाखेला पाठवली जाते, तिच्या घरी जाऊन हे सांगणं म्हणजेच करिअर मार्गदर्शन.

चाचणीवर भिस्त

या तीन कामांपैकी आपल्याकडे सर्वाधिक भर पडला तो चाचणीवर. २०१६ पासून राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल त्यातून दाखवला जाई. एवढ्या मोठ्या संख्येने अशी चाचणी घेणं हे देशात वेगळं पाऊल होतं. जिल्ह्यातल्या शेवटच्या शाळेतल्या मुलालाही ‘तुझी आवड काय?’ असं सरकारने पहिल्यांदाच विचारलं, हे तिचं श्रेय मान्य करायला हवं.

मर्यादा निकालानंतर दिसल्या. कागदावर ‘ललित कला’ असं आलं तर पुढे काय करायचं? जवळ कला महाविद्यालय आहे का, त्याला फी किती, त्यातून पोट भरेल का, ‘आवड’ आणि ‘क्षमता’ यांत फरक काय, या प्रश्नांना उत्तर द्यायला शाळेत कुणी नव्हतं. निकालपत्र गुणपत्रिकेच्या पिशवीत गेलं आणि प्रवेश टक्क्यांवर झाले. करोनाच्या काळात हा उपक्रम खंडित झाला. त्याच काळात, २०२० मध्ये, युनिसेफच्या साहाय्याने ‘महाकरिअर’ पोर्टल आलं. सरल (विद्यार्थी नोंदणी) क्रमांक टाकून नववी ते बारावीच्या मुलांना अभ्यासक्रम, महाविद्यालयं, शिष्यवृत्त्या यांची माहिती पाहता येऊ लागली. माहिती एका ठिकाणी आली, हे चांगलंच. पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे हजारो महाविद्यालयांची यादी ठेवून भागत नाही.

मोकळी राहिलेली जागा बाजाराने भरली. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि योग्य करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी शहरांपासून तालुक्यांपर्यंत हजारो रुपयांना विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. ‘करिअर काउन्सेलर’ अशी पाटी प्रत्यक्षात कुणीही लावू शकतो, आणि त्यांतले काही जण खासगी महाविद्यालयांकडून प्रवेशामागे दलालीही घेतात. शाळेत पगारी, तटस्थ माणूस का हवा, याचं उत्तर या बाजारात मिळतं.

स्वप्नं कुठे अडतात

लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. मुलं करिअर निवडतात त्याआधी कितीतरी पर्याय मनातून बाद करतात. सहा ते आठ वर्षांच्या वयात ‘हे मुलांचं काम, हे मुलींचं’ अशी पहिली चाळणी लागते. त्यानंतर ‘हे आपल्यासारख्यांना जमण्यातलं नाही’ आणि ‘याला मान नाही’ अशा चाळण्या लागतात. दहावीत मार्गदर्शनाचं व्याख्यान होतं तेव्हा मुलीच्या मनातून वेल्डर आणि मुलाच्या मनातून परिचारक केव्हाच गेलेला असतो. कोठारी आयोगाने खालच्या वर्गांपासून सुरुवात करायला सांगितलं, त्यामागचं शहाणपण हेच.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये, पिसा या शालेय सर्वेक्षणाच्या आधारे, काढलेला निष्कर्षही बोलका आहे. ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना ‘तिशीत तुम्ही काय काम करत असाल?’ असं विचारलं. ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली फक्त दहा लोकप्रिय व्यवसायांत अडकलेल्या दिसल्या. भारत त्या फेरीत नव्हता, पण चित्र आपल्या ओळखीचं आहे. डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी, पोलीस, शिक्षक. लातूरच्या शिकवण्या आणि पुण्यातल्या पेठांतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका या यादीच्या जोरावर भरतात. तिथे जाणाऱ्या हजारो मुलांचे कष्ट खरे आहेत. पण मोजक्या जागांसाठी ऐन विशीतली चार-सहा वर्षं देताना दुसरा मार्ग हाताशी ठेवायला हवा, हे त्यांना वेळेवर सांगणारं कुणी भेटत नाही.

इथे पालकांचा प्रश्न येतो. पालकांना दोष देणं सोपं आहे. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी अकरावीला जातं, तिथे ओळखीचे चार व्यवसाय म्हणजेच सगळं जग असतं, आणि चुकलं तर सावरायला शिल्लकही नसते. अशा आईवडिलांना ‘मुलाची आवड जपा’ हा उपदेश पोकळ वाटतो. अनुभवी समुपदेशक त्यांच्याशी पैशाच्या, अंतराच्या, नोकरीच्या भाषेत बोलतो. आधी त्यांची भीती ऐकून घेतो आणि मग मुलाचं म्हणणं मांडतो. अशी बैठक एकदा होऊन भागत नाही, आणि गावात परक्या असलेल्या वक्त्याकडून ती होतही नाही.

उपयोग होतो का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण पद निर्माण करायचं म्हणजे पगार द्यायचा. अमेरिकेत यावर बरंच संशोधन झालं आहे. हर्विट्झ आणि हॉवेल यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, शाळेत एक समुपदेशक वाढला की चार वर्षांच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे दहा टक्के बिंदूंनी वाढलेलं आढळलं. क्रिस्टिन मलहर्न यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. चांगल्या समुपदेशकाचा मुलांच्या पुढच्या शिक्षणावर होणारा परिणाम चांगल्या शिक्षकाच्या तोडीचा असतो, असं त्यात दिसलं. सर्वाधिक लाभ गरीब आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना झाला, आणि तो मुख्यतः माहिती व प्रत्यक्ष मदतीतून झाला. अर्ज भरून घेणं, मुदत लक्षात आणून देणं, शिफारस लिहिणं अशी साधी कामं.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेने अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक असं प्रमाण सुचवलं आहे. प्रत्यक्षात तिथेही ते साडेतीनशेच्या वरच आहे. फिनलंडने वेगळी वाट धरली. सातवी ते नववीत मार्गदर्शन हा वेळापत्रकातला विषयच आहे, त्याला तीन वर्षांत ७६ तास दिलेले आहेत आणि तो शिकवायला स्वतंत्र प्रशिक्षित शिक्षक असतो. तिथे मार्गदर्शन प्रत्येक मुलाचा हक्क ठरतं. अडचणीत सापडलेल्या किंवा पैसेवाल्या मुलांपुरतं ते उरत नाही.

आज आपल्याकडे

आपल्याकडे कागदावर बरंच काही आहे. सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची अट घातली गेली आणि नववी ते बारावीत तीनशेहून कमी मुलं असतील तर अर्धवेळ नेमण्याची सवलत होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख, दप्तराविना दहा दिवस आणि शाळा संकुलांमध्ये समुपदेशक वाटून घेण्याची कल्पना आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, सुकदेब साहा प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सांगितलं. विद्यार्थी व पालक दोघांसाठी नियमित करिअर मार्गदर्शनाचाही त्या निर्देशांत समावेश आहे. कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

गोव्याचं उदाहरण शेजारचंच आहे. तिथे गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी समुपदेशक नेमले जातात आणि एका समुपदेशकाकडे एकाहून अधिक शाळा असतात. राज्य लहान आहे हे खरं, पण फिरत्या समुपदेशकाची कोठारी आयोगाची कल्पना अमलात येऊ शकते हे त्यावरून कळतं.

महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षांपूर्वी समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर होतात, दहावी-बारावीनंतर मेळावे होतात. अनुदानित मराठी शाळेत मात्र पूर्णवेळ समुपदेशकाचं पद दिसत नाही. गणिताचे किंवा शारीरिक शिक्षणाचे सर मार्गदर्शनाचं काम अंगावर घेतात. त्यांनाच निवडणुकीचं काम असतं, ऑनलाइन माहिती भरायची असते, शिवाय अभ्यासक्रम संपवायचा असतो. आश्रमशाळांत तर ही गरज दुप्पट आहे, कारण मूल घरापासून दूर आणि पालक शाळेपासून दूर. खासगी इंग्रजी शाळांतल्या मुलांना पूर्णवेळ समुपदेशक मिळतो, बाहेर हजारो रुपये मोजून सल्ला घेण्याचीही त्यांची ऐपत असते. ज्यांना सल्ल्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच तो मिळत नाही, अशी ही उलटी रचना आहे.

काय करता येईल

प्रत्येक शाळेत एक पद हे ध्येय योग्य आहे, पण त्याची वाट पाहत आणखी एक पिढी घालवू नये. आपल्या शालेय प्रशासनात केंद्राची (शाळांच्या गटाची) रचना आधीच आहे. त्याच धर्तीवर जवळच्या दहा माध्यमिक शाळांचा गट करून एक प्रशिक्षित समुपदेशक नेमता येईल. ठरलेल्या वारी तो ठरलेल्या शाळेत येईल. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला करिअर मास्टरप्रमाणे तयार करून त्याचे आठवड्याचे दोन तास या कामासाठी मोकळे करावेत. सातवी-आठवीत व्यवसायांची ओळख, नववीत चाचणी आणि तिच्यावर मुलाशी व पालकांशी चर्चा, दहावीत शाखा, कागदपत्रं, शिष्यवृत्ती, आणि अकरावी-बारावीत प्रवेश परीक्षांसोबत दुसरा मार्ग, असा क्रम ठेवता येईल. आयटीआय, जिल्हा उद्योग केंद्र, कृषी महाविद्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र इथे मुलांना प्रत्यक्ष नेता येईल. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, पण किती शाळांच्या सहली तिथे जातात?

दोन पथ्यं मात्र पाळायला हवीत. समुपदेशकाला शाळेने बदली शिक्षक किंवा कारकून म्हणून वापरता कामा नये. आणि त्याचं यश गुणवत्ता यादीवर मोजू नये. त्याच्या गटातली किती मुलं दहावीनंतर शिकत राहिली, किती जणांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली, किती मुली अकरावीत टिकल्या, हे मोजावं.

शाळा समित्या आणि पालक-शिक्षक संघ यांनी येत्या सभेत एकच प्रश्न मुख्याध्यापकांना आणि तिथून शिक्षणाधिकाऱ्यांना विचारावा: आमच्या मुलांचा समुपदेशक कोण, आणि तो कोणत्या वारी येतो? दहा शाळांमागे एक माणूस ही मागणी १९६६ मध्ये किमान म्हणून मांडली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर ती लांबणीवर टाकायला राज्याकडे आता कोणतंही सबळ कारण उरलेलं नाही.